हाताचा अंदाज

"खरं सांगा, अनवाणी कुठे फिरत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

अंगठ्याजवळची जखम महिनाभर चिघळत होती. आता तळव्याची कातडीही सोलवटली होती. मधुमेहानं पाय बधिर झालेला, त्यामुळे त्याला स्वतःला काहीच कळत नव्हतं.

"कुठेच नाही हो."

"मग कातडी भाजल्यासारखी का दिसतेय? तापलेल्या गच्चीवर चालल्याशिवाय असं होत नाही. जंतुसंसर्ग वर चढतोय. सोमवारपर्यंत उतार पडला नाही, तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

बायकोनं कपाळावर हात मारला. "मी रोज सकाळी कोमट पाण्यात पाय धुऊन देते, डॉक्टर. दुपारी माझा डोळा लागला की हे पसार होत असणार. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

त्यानं वाद घातला नाही. पाण्याबद्दल तर शंकाच नव्हती. तीस वर्षं दोघं इस्त्रीचं दुकान चालवत होते. इस्त्री रेशमाला चालेल की सुताला, हे ती नुसता तळहात जवळ नेऊन सांगायची. गिऱ्हाइकं म्हणायची, काकूंचा हात म्हणजे थर्मामीटर. अलीकडे दोन शर्ट जळले, तेव्हा तिनं इस्त्रीच बदलून आणली.

त्या आठवड्यात तो खुर्चीतून हलला नाही. सकाळी बायको घमेल्यात आपला राठ हात बुडवायची, "कोमट आहे" म्हणायची, त्याचा पाय आत सोडायची. मग तांब्याभर पाणी गटागटा पिऊन तोंडाचा पट्टा सुरू. दुपारी दाराला कुलूप, किल्ली तिच्या उशाखाली.

"आई, तूही साखर तपासून घे," लेक फोनवर म्हणाली. "किती पाणी पितेस आजकाल."

"मला काय धाड भरलीय? तुझ्या बाबांना सांग, नीट वागायला."

सोमवारी पाय काढला.

तो घरी आला, तशी लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. "बाबा, एवढंसं पथ्य पाळता आलं नाही तुम्हाला?"

"चुकलंच माझं," तो म्हणाला. झोपेत चालत असू, असं आता त्यालाही वाटू लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या आंघोळीची तयारी झाली. लेकीनं कढत पाणी टबात ओतलं आणि थंड पाणी आणायला ती आत गेली. बायकोनं उघडं बाळ डाव्या हातावर तोललं आणि उजवा हात टबात घातला.

तो खुर्चीतून बघत होता. वाफेआड तिचं मनगट लाल होत चाललं होतं.

"आई, थांब," लेक आतून म्हणाली. "थंड घालायचंय अजून."

"कशाला?" हात तसाच पाण्यात ठेवून बायको म्हणाली. "कोमट तर आहे."