पलीकडची पाउला

बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या त्या गावात अखंड वाहणारा ट्रकचा रस्ता इर्माबाईंच्या दारावरून जातो आणि त्यांची धाकटी बहीण पाउला बरोबर पलीकडे राहते. दोघींकडे गाडी नाही, त्यामुळे चार वर्षं खिडकीतून हात हलवण्यावरच भागत होतं. झेब्रा पट्ट्यांसाठी अकरा अर्ज झाल्यावर वाउटर नावाचा तपासनीस आला आणि खुर्ची टाकून दिवसभर माणसं मोजत बसला.

संध्याकाळी तो म्हणाला, "मावशी, रस्ता ओलांडणारे शून्य, अपघातही शून्य! अख्ख्या युरोपला २०५० पर्यंत रस्त्यांवर शून्य बळींचं जे ध्येय गाठायचंय, ते तुमच्या गावानं आजच गाठलंय. पट्टे हवेत कशाला?"

वाद घालणं इर्माबाईंनी सातव्या अर्जालाच सोडलं होतं. "बरं बाबा. मग एवढा तांदळाचा टार्ट पाउलाला देऊन ये. वाढदिवस आहे तिचा."

"त्यात काय, हे समोर तर आहे!" म्हणत वाउटरनं ताट घेतलं आणि रस्त्याच्या कडेला तो चांगला दहा मिनिटं उभा राहिला.



मग त्यानं ताट गाडीत ठेवलं, चार किलोमीटरवरच्या चौकातून वळसा घेतला आणि पाउलाच्याच टेबलावर बसून अहवालावर सही केली: 'पट्ट्यांची गरज नाही.'