जयसिंहरावांची मिशी

"उतरवीन मिशी! भर चौकात!" जयसिंहराव ओरडले, आणि अख्खी हरिशंकरपुरम कॉलनी बाल्कनीत आली.

शर्त साधी होती. शेजारच्या अभिरामनं मराठी मंडळाच्या वेबसाइटवर एक पान उघडलं होतं. नाव न सांगता मनातलं लिहायचं. जयसिंहराव टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. म्हणाले, "बेनाम कसलं? कुठल्या घरातून आलं ते काढून देतो. दिवाळीपर्यंत एक तरी लिहिणारा ओळखीन. नाही तर मिशी गेली."

अभिरामनं वेबसाइटच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवली. म्हणजे दरवानच. येणारा आधी त्याला भेटणार. तो पत्ता पुसणार, मजकूर तेवढा आत देणार. कोण आलं याची नोंदही ठेवणार नाही.

"आता मलाही नाही कळणार, काका."

रोज संध्याकाळी जयसिंहराव ओट्यावर बसून पानावर आलेल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायचे. धडाधड नावं ठोकायचे. सगळी चूक. त्यांच्या मिसेस, शालिनीताई, सगळ्यांना चहा आणून द्यायच्या.

गणपतीत एक चिठ्ठी आली. "छातीत गाठ लागते हाताला. भीती वाटते. घरी कसं सांगू? आमच्याकडे सगळ्याचीच थट्टा होते."

"ही समोरची मंदाताई!" जयसिंहराव म्हणाले. "अहो मंदाताई, गाठ जिभेला पडायला हवी होती तुमच्या!"

सगळे हसले. शालिनीताईपण हसल्या. कप उचलून आत गेल्या.

अभिराम घरी पळाला. पत्ता शोधला. नव्हता. त्यानंच पुसला होता. मग पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ताई, डॉक्टरला दाखवा.'

दिवाळी झाली. जयसिंहरावांनी मिशीला पीळ दिला. "पुढच्या दिवाळीला बघू रे!"

संक्रांतीला शालिनीताई चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, छातीतली गाठ पसरलीय, गणपतीच्या सुमारास आणलं असतं तर. होळीआधीच त्या गेल्या.

दहाव्याला घाटावर जयसिंहरावांनी डोकं भादरून घेतलं. मिशीला मात्र हात लावू दिला नाही.

"बायको गेली, ऐट नाही गेली," मंदाताई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौकात न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. गर्दी जमली. अभिराम पुढे आला.

"काका, राहू द्या ना. गंमत होती ती."

"काल उतरवली असती तर लोक म्हणाले असते, तिच्यासाठी दिली." जयसिंहरावांनी न्हाव्याला खूण केली. "ही शर्तीची आहे. चहा घेऊन समोर उभी होती रे. नाही ओळखली."