राहिलेला दंड

"तीस!" प्राध्यापक झानार्दी म्हणाले आणि एदविजचं उत्तर तोंडातच राहिलं.

तीसपैकी तीस. तेही दोन सोप्या प्रश्नांत. मागच्या बाकांवर कुजबुज झाली. सबंध इटलीत तोंडी परीक्षा चारचौघांत होते. ज्याला वाटेल त्याने येऊन बसावं आणि दुसऱ्याची फजिती बघावी. जुलैच्या उकाड्यातही विद्यापीठाचं ते जुनं दालन भरलेलं होतं, कारण झानार्दींच्या कायद्याच्या इतिहासात फजिती हमखास असते.

"कॅमेरूनहून येऊन आमच्या भाषेत इतकं छान बोललात, वाहवा!" झानार्दी मायेने म्हणाले. "या आता. समुद्रावर जा, मजा करा."

"बघ, म्हटलं नव्हतं?" मागून हलकेच आवाज आला.

तो एत्तोरे. गडी दक्षिणेकडच्या कालाब्रियाचा, जिभेला हाड नाही. हिवाळाभर एदविज आणि तो ग्रंथालयात एकाच टेबलाशी बसून अभ्यास करत होते. आज सकाळी झानार्दींनी तिसरा प्रश्न म्हणून त्याच्यापुढे लॅटिन उतारा ठेवला आणि त्याला नापास करून परत पाठवलं. मग कमानीखाली कॉफी पिता पिता त्याने तिच्यावर जळफळाट काढला. "तुम्हा परदेशी लोकांचं बरं आहे बुवा. तुम्हाला तिसरा प्रश्नच नाही. तुम्ही पाहुणे! पाहुण्याला कुणी भांडी घासायला लावतं का?"

"तो उतारा मला पाठ आहे," ती म्हणाली होती.

"असेल की. पण विचारतोय कोण?"

हे तिला फार झोंबलं, कारण ते खरं होतं. तिच्या मागचा नंबर जॉर्जियाच्या लेवानचा. त्याने तर लॅटिनचं पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. पाहुणचार मिळतोय तर गुपचूप घ्यावा, असं त्याचं मत.

एदविज खुर्चीवरून उठली नाही.

"सर, माझं उत्तर अर्धं राहिलं."

"अहो, तीस दिले की!"

"तरी पूर्ण करू द्या."

प्रश्न होता, जुन्या काळी इथे विद्यार्थ्यांना कोणते अधिकार होते. तिने सांगत आणलं होतं की दूरदेशांहून आलेल्या पोरांनी संघ बांधले आणि मास्तरांना पगारावर ठेवलं. मास्तर उशिरा आला तर दंड. न विचारता गाव सोडून गेला तर दंड. तिथेच झानार्दींचं 'तीस' मध्ये पडलं होतं.

"अजून एक दंड राहिला," एदविज म्हणाली. आवाज खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "कठीण भाग आला की तो गाळून पुढे जाणाऱ्या मास्तरालाही दंड होता, सर. आणि तो करायचे परदेशी विद्यार्थी."

गुण संगणकात भरायला निघालेल्या सहायक बाईंचा हात थांबला. झानार्दींनी चष्मा काढला. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"म्हणजे मी कठीण भाग गाळला?"

"सकाळपासून तुम्ही इथल्या सगळ्यांना तीन प्रश्न विचारलेत. मला दोन."

"मग या तिसाचं काय करू?"

"मी नाकारते."

गुण पटले नाहीत तर विद्यार्थ्याने ते तोंडावर नाकारावेत, ही इटलीतली रीतच आहे. पण नाकारतात ते वीस, फार तर बावीस. तीस नाकारलेलं त्या दालनाच्या भिंतींनीही पाहिलं नसेल. लेवान डोक्याला हात लावून बसला.

"नीट विचार करा," झानार्दी म्हणाले. आता आवाजात माया नव्हती. "मी विचारीन तर कठीणच विचारीन. नापास झालात तर पुढची परीक्षा थेट सप्टेंबरात. तुमच्या शिष्यवृत्तीचं काय?"

"ती ऑगस्टमध्ये ठरते. हा विषय राहिला तर शिष्यवृत्ती जाईल आणि तिच्यामागोमाग मी घरी जाईन." बोलताना तिची मान खाली गेली नाही.

"तरी?"

"तरी विचारा."

झानार्दींनी एक पान तिच्यापुढे सरकवलं. उतारा एत्तोरेचा नव्हता, दुसराच होता. म्हणजे पाठांतर गेलं पाण्यात! तिने घाम पुसला आणि वाचायला घेतलं. पहिलं वाक्य सहज सुटलं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ सांगताना ती घसरली.

"चूक," झानार्दी तुटकपणे म्हणाले. अगदी सकाळी एत्तोरेला म्हणाले होते तसे.

एदविजला ती 'चूक' मघाच्या 'वाहवा'पेक्षा गोड लागली. ती मागे फिरली, क्रियापद धरलं, वाक्य पुन्हा लावलं. त्या उताऱ्यावरून दोन जुन्या टीकाकारांचं कुठे बिनसलं ते सांगितलं आणि दोघांतल्या कुणाचं तिला पटत नाही तेही सांगून टाकलं. झानार्दींनी दोनदा अडवलं. दोन्ही वेळा ती भांडली, एकदा हरली.

"सत्तावीस. घेता?"

"घेते."

सहायक बाईंनी सत्तावीस भरले. शिष्यवृत्ती वाचली. एदविज उठून एत्तोरेशेजारी जाऊन बसली. एत्तोरेने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

मग लेवानचं नाव पुकारलं. तो हसतमुखाने गेला, शर्ट सारखा करून बसला आणि झानार्दींच्या मायेची वाट पाहू लागला. झानार्दींनी चष्मा चढवला आणि लॅटिनचं नवं पान त्याच्यापुढे ठेवलं.

"आज सुरुवातच इथून करू. पुन्हा दंड भरायची माझी तयारी नाही."

लेवानचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने वळून एदविजकडे असं पाहिलं, जणू तिने त्याची सात पिढ्यांची इस्टेट बुडवली असावी.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एत्तोरे ओरडला, "वाच बाबा, वाच! आजपासून तूही घरचाच!"