चष्मा पुसणारा माणूस

आवाज : हा माणूस कोण?

“माझा नवरा,” ती म्हणाली, आणि काकांच्या चष्म्यातून काढलेला स्क्रू चिमट्यानं उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला. “गंजून गेलाय पार. म्हणून दांडी निखळली तुमची.”

पेन्शनर काका तिच्या चष्म्याच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. चष्मा तिच्या हातात, म्हणून त्यांनी फोन जवळजवळ नाकालाच टेकवला होता. पडद्यावरच्या व्हिडिओत मंडईचं दार. दारात चौकड्यांच्या शर्टातला, हातात पिशवी घेतलेला माणूस. त्याच्याभोवती कुणीतरी काढलेलं लाल वर्तुळ.

आवाज : पहा, वर बघतोय. छप्पर कोसळायच्या आधी छपराकडे कोण बघतं?

“ज्याच्या डोक्यावर गळतं, तो.”

“तसं नव्हे हो,” काका म्हणाले. “तुमच्या साहेबांवर माझा काडीचा संशय नाही. पण त्यांना वापरलं असणार कुणीतरी. निवडणूक तोंडावर आली आणि नेमकं तेव्हाच छप्पर खाली?”

“त्यांना मीच वापरत होते, काका. भाजी आणायला.”

बाकावर बसलेला तिचा दीर फसकन हसला आणि मग हसल्याची लाज वाटून खाली बघू लागला.

“आणि नुसत्या गंजानं एवढं मोठं छप्पर पडतं होय?” काकांनी तळहातावरचा स्क्रू खिशात टाकला. “सगळे म्हणतायत की...”

“सगळे म्हणजे तुम्ही आणि तुमचा फोन,” दीर म्हणाला.

आवाज : आता तो चष्मा काढतो. पुसतो. हाच तो इशारा!

“मग आमच्या दुकानात दिवसभर कटच शिजतोय म्हणायचा,” ती म्हणाली. दांडी बसवून तिनं चष्मा पुसला, काकांच्या नाकावर ठेवला, कानामागं नीट केला. स्वच्छ दिसायला लागल्यावर काकांना तिच्याकडे बघवेना. ते गेले.

दिरानं आपला फोन काउंटरवर सरकवला. तक्रार भरून तयार होती. मेलेल्या माणसाची बदनामी. बायकोनं स्वतः ‘पाठवा’ दाबलं की व्हिडिओ सगळीकडून निघणार होता. 

“वहिनी, रोज उद्या म्हणता तुम्ही. खरं वाटतं का तुम्हाला त्या व्हिडिओवाल्यांचं?”

“वेड लागलंय का भाऊजी?”

“मग?”

आतल्या खोलीत तिची पोर एकटीच अभ्यास करत होती. वर्गातल्या मुलींनी तिच्या बाकाभोवती लाल खडूनं वर्तुळ काढलं, त्या दिवसापासून ती शाळेत गेली नव्हती.

दिराला ती काय सांगणार? घरातल्या प्रत्येक फोटोत नवरा खांबासारखा उभा. चालताना त्याला कुणी टिपलंच नव्हतं. टिपलं होतं ते मंडईच्या कॅमेऱ्यानं, आणि या खोटारड्यांनी त्याला मोठं केलं, इतकं संथ केलं की शर्टाच्या टोकानं काच पुसणारा अंगठासुद्धा दिसावा. चष्म्यावाचूनचा चेहरा. बारीक झालेले डोळे, नाकावरचे दोन खळगे. सकाळी उशाशी चाचपडत त्याला चष्मा सापडेपर्यंत असायचा तो चेहरा, आणि तेवढा वेळ तो फक्त तिचा असायचा.

आवाज : बाहेर आलेला माणूस परत आत का गेला?

हे मात्र काकांच्या फोनमधून आलं नव्हतं. तिच्या डोक्यातच होतं. त्या आवाजाच्या बाकी सगळ्या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर होतं, एवढा सोडून. बाहेर आला होता तो. चष्मा पुसला, लावला, मागे वळून पाहिलं, आणि गेला आत. मग छप्पर आलं खाली.

“काहीतरी विसरला असेल दादा,” दीर नेहमी म्हणायचा. बाकीचेही तेच म्हणायचे आणि विषय बदलायचे. व्हिडिओतला तो खोटा माणूस तेवढा तिच्यासारखा पुन्हा पुन्हा विचारायचा. उत्तर त्याचं भिकार होतं, पण विचारायचा.

“नुसता आवाज काढून टाकता येत नाही का, भाऊजी? आणि ते वर्तुळ?”

“नाही. गेलं की सगळंच जातं.” तो म्हणाला. “हवं तर तुमच्या फोनात उतरवून देतो.”

“नको. एक दिवस पोरीच्या हाती लागेल. तिला सगळीकडून काढते म्हणून सांगितलंय मी.”

तिनं आपला फोन घेतला. व्हिडिओ लावला.

आवाज : (बंद)

तो दारात आला. थेंब पडला तसं त्यानं वर पाहिलं. दोन पावलं उन्हात आला. पिशवी पायाशी ठेवली. चष्मा काढला, पुसला. मान वर केली, आणि चष्म्यावाचून, काहीच न दिसणाऱ्या डोळ्यांनी सरळ तिच्याकडे पाहिलं.

तिनं बोट टेकवून तिथंच थांबवलं. चष्मा अजून त्याच्या हातात होता.

ते बोट तसंच ठेवून दुसऱ्या हातानं तिनं दिराच्या फोनवर ‘पाठवा’ दाबलं.

“अहो,” ती पडद्याला म्हणाली, “इतक्यात लावू नका हं.”