वाफेची खोली

"बाबा, पाणी नव्वद अंशांच्या वर गेलं," असं म्हणत मुलीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

महिनाभर बापलेकींचा दुपारचा हाच उद्योग होता. जमिनीखाली वसवलेली अकरा माणसांची वस्ती आणि तिला जगवायचा खेळ. हवा आणि अन्न मुलगी बघायची, पाणी बाबांकडे. सारी हयात कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला माणूस निवृत्तीनंतर घरात नुसता गंजत होता. या खेळानं तो बोलता झाला. यंत्रं थंड ठेवणारं पाणी कुठून फिरवायचं, तापलेलं पाणी शेताकडे का जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

पण आज पाणी निववायचा बर्फच संपला. बघता बघता पंपाच्या खोलीतलं पाणी उकळलं आणि पडद्यावर ती खोली पांढरी झाली. आत दोन माणसं पाइप जोडत होती. दार उघडं राहिलं तर वाफ आधी शेतात शिरणार, मग झोपायच्या खोल्यांत.

"दार लावते," ती म्हणाली. "दोघं जातील, पण नऊ वाचतील."

"थांब. आधी त्यांना बाहेर काढ."

"तेवढा वेळ नाहीये, बाबा. इथं सगळे असंच करतात."

तिनं दार लावलं. दोन चिमुकली माणसं दारापर्यंत आली, थोडा वेळ तिथंच घुटमळली आणि मग आडवी झाली.

वस्ती वाचली. सुटकेचा श्वास टाकून मुलगी वळली, तर बाबा घामानं निथळत होते. तिनं आईला हाक मारली. आई ओले हात पुसत आतून आली.

"ते दार आपोआप लागलं नव्हतं," बाबा आईला म्हणाले. "मी लावलं. दाराच्या अलीकडे चाळीस माणसं होती. तो आत आहे हे मला दिसत होतं. काचेतून आमची नजरानजर झाली."

तो कोण, हे मुलीला विचारावं लागलं नाही. आईचा धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी बाबांच्या कारखान्यातल्या बॉयलरच्या खोलीत भाजला आणि त्यातच वारला होता. दार आपोआप बंद झालं, असं चौकशीत लिहिलं गेलं आणि घरातही तेच बोललं गेलं. मामाचा विषय निघाला की बाबा भरल्या ताटावरून उठायचे.

आईनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"दवाखान्यात तो तासभर शुद्धीवर होता," ती म्हणाली. "मला म्हणाला, ताई, दाजींनी दार लावलं ते बरोबरच केलं. पण ते स्वतःहून सांगेपर्यंत तू विषय काढू नकोस."