पुढच्या महिन्यात या

ओसाकात एकट्या राहणाऱ्या तोकिए-सानच्या बँक खात्यातून टीव्हीची फी आपोआप कापली जायची. शेजारचे एकटे कुराता-सान मात्र दर महिन्याला वसुलीवाल्याला दारातूनच पिटाळायचे.

"अहो, सूमो सोडलं तर बघण्यासारखं आहे काय तुमच्याकडे? पुढच्या महिन्यात या."

"फुकटा मेला," भिंतीपलीकडे तोकिए-सान पुटपुटायच्या.

या खेपेला बेल वाजवूनही भांडायला कुणी आलं नाही, तेव्हा वसुलीवाल्यानेच पोलीस बोलावले.

"म्हातारा नशीबवान," आतून बाहेर येत पोलीस तोकिए-सानना म्हणाला. "कालच गेलेला दिसतोय. नाहीतर एकटी माणसं आम्हाला सहा-सहा महिन्यांनी सापडतात."

&nbsp;

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच तोकिए-सान टीव्हीची फी खात्यातून आपोआप कापणं बंद करून आल्या.