मागच्या टेबलावरचं जोडपं

सिनेमात हीरो-हिरॉइन हॉटेलात बसून प्रेमात पडायचे, तेव्हा मागच्या टेबलावरचं जोडपं म्हणून हमखास या दोघांना बसवायचे. बावीस वर्षं दोघं एक्स्ट्राचंच काम करत होते. दिग्दर्शकाची ताकीद ठरलेली, "मागच्यांनो, नुसते ओठ हलवा, आवाज नको!" बाकीचे एक्स्ट्रा पाढे म्हणायचे. हा मात्र दर वेळी बिनआवाजात तिला लग्नाचं विचारायचा. तीही हसून काहीबाही ओठ हलवायची. आवाज काढून विचारायची त्याची छाती कधी झाली नाही.

ती आजारपणात गेली, तेव्हा तो तिच्या घरी भेटायला गेला. धाकटी बहीण म्हणाली, "आमचे आईवडील मूकबधिर होते, नुसते ओठ हलवून बोलायचे. आम्ही दोघी लहानपणापासून ओठ वाचतो. तुम्ही काय विचारायचात, ते ताईला कळायचं."

त्याने विचारलं, "मग ती बोलली का नाही?"

"बोलली की! म्हणायची, 'मी तिथल्या तिथे उत्तर देते, आणि कॅमेरा थांबला की हा माणूस ताट घेऊन दुसरीकडेच जेवायला बसतो.'"

"काय उत्तर द्यायची?"

"ते मात्र नाही सांगितलं कधी."

त्याने घाईघाईने फोनवर त्यांचा एक सिनेमा लावला, तो सीन शोधला आणि फोन बहिणीपुढे धरला. "वाचा ना."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, काच पुसून पुन्हा पाहिलं.



"पुढची दोघं लख्ख दिसतायत हो. मागचं सगळं धूसर आहे."